बांधीत उतरलेली लेन्स

ताडोबाच्या गेटवर पहाटे उभं राहिलं की एकेका जिप्सीत हातभर लांबीच्या दोन-तीन लेन्सेस दिसतात. चारशे, पाचशे, सहाशे मिलिमीटर. चंद्रपूर जिल्हा म्हणजे काय, हे उरलेल्या महाराष्ट्राला याच लेन्सेसनी सांगितलं आहे. पिवळ्या गवतात बसलेला वाघ, आणि त्याच्या मागचं सगळं पुसट. फोटो देखणे असतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पुसट भागात आम्ही राहतो.

आमचं नागभीड ताडोबाच्या राखीव क्षेत्राच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागात येतं. इथेही वाघ आहे. मार्च-एप्रिलमध्ये दिवस फटफटायच्या आत मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईच्या आणि त्याच्या वाटा एकच असतात. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोटरीभर चिखल आणि वर पाऊस असतो. दिवाळी झाली की मंडईचे बाजार भरतात आणि रात्री दहाला सुरू झालेलं झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या भागाचं, नाटक उजाडेपर्यंत चालतं. यातलं काहीही शंभर मीटरवरून दिसत नाही. त्यासाठी माणसाच्या शेजारी उभं राहावं लागतं, आणि शेजारी उभं राहून माणूस, त्याच्या हातातलं काम आणि त्याच्या मागचं रान हे तिन्ही एका चौकटीत घ्यायचं तर लेन्स रुंद कोनाची लागते. मी फिल्मवर काम करतो. म्हणून गेली काही वर्षं जुन्या रुंद लेन्सेस शोधणं, उघडणं आणि पुन्हा चालत्या करणं हा माझा उद्योग झाला आहे. त्यातल्या एका लेन्सची ही हकिगत.

ती मिळाली एका बंद पडलेल्या स्टुडिओत. मालकांनी नाव न लिहिण्याची अट घातली, म्हणून गावही सांगत नाही. नागभीडहून एसटीने जाऊन दुपारपर्यंत परत येता येईल, इतकं जवळ. आसपासच्या पंचवीस गावांतली लग्नं, बारशी आणि शाळेचे ग्रुप-फोटो त्यांनी काढले. काचेच्या कपाटात प्रॅक्टिका कॅमेरा होता आणि त्याच्यावर चढवलेली कार्ल झाइस येना कंपनीची फ्लेक्टोगॉन, 35 मिलिमीटर, एफ 2.4.

“हे घेऊन काय करता सर? रोल कुठी भेटते आता?” त्यांनी विचारलं.

“मागवतो काकाजी. मुंबईहून कुरिअरने येतात.”

“मंग घेऊन जा. पण आतमंधी बुरशी लागली हाय, पयलेच सांगतो.”

जुनी लेन्स घेताना विकणाऱ्यानं इतकं सरळ सांगणं दुर्मीळ. एरवी सगळं आपल्यालाच पाहावं लागतं. लेन्स उघड्या खिडकीकडे धरून पाहिली तर काच नेहमी स्वच्छच दिसते. मागच्या बाजूने टॉर्च तिरपा मारायचा आणि पुढून बघायचं, मग आतलं सगळं उजेडात येतं. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघही फोटोत सहसा उतरत नाही. मागच्या काचेवरची उतरते, म्हणून ती जास्त निरखून पाहायची. एकमेकींना चिकटवलेल्या काचांचा जोड सुटू लागला असेल तर कडेला तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात, आणि तो जोड घरी नीट होत नाही. फ्लेक्टोगॉनच्या या मॉडेलमध्ये सहा काचा आहेत आणि सहाही सुट्या, त्यामुळे ती भीती नव्हती. शेवटी स्क्रू बघायचे. त्यांच्या खाचा खरवडलेल्या असतील तर आधी कुणीतरी हात घातलेला आहे आणि आत काय करून ठेवलं असेल त्याचा नेम नाही. या लेन्सचे स्क्रू कोरे होते. कारखान्यातून निघाल्यापासून ती कुणी उघडलेली नव्हती.

बाकी लक्षणं मात्र वाईट. फोकसचं कडं दोन्ही हातांनी जोर लावला तरच फिरे. अपर्चरच्या सहा पात्यांवर तेल पसरून चकाकत होतं. आतल्या एका काचेवर कडेकडून मध्याकडे पांढुरके तंतू निघालेले, टोकाला फाटे फुटलेले. कॅमेरा आणि लेन्स मिळून साडेपाच हजारांत ठरलं. मालकांनी निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबाही सोबत दिला. घरात तो कुणाला नको होता.

पूर्व जर्मनीत घडलेली लेन्स आमच्या झाडीपट्टीत कशी आली, हे समजायला जरा मागं जावं लागतं. 1945 साली येना शहर सोव्हिएत ताब्यात जाण्याआधी अमेरिकन सैन्याने तिथले झाइसचे मोजके तज्ज्ञ पश्चिमेला हलवले. त्यांतून ओबरकोखेनला दुसरी झाइस उभी राहिली. पुढे अनेक वर्षं दोन्ही कंपन्या एकाच नावासाठी कोर्टात भांडल्या आणि 1971 मध्ये लंडनला त्यांची तडजोड झाली. म्हणून त्या काळातल्या काही लेन्सेसवर पूर्ण नाव दिसतं आणि काहींवर नुसतं ‘येनाहून’ एवढंच. भारताने पूर्व जर्मनीला 1972 मध्ये पूर्ण मान्यता दिली, पण व्यापार त्याआधीपासून सुरू होता, आणि तो रुपयांत चाले. डॉलर न मोजता येणारा माल आपल्याला परवडे. वोल्फेनची ओर्वो फिल्म त्या काळी आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत वापरली गेली ती यामुळेच. प्रॅक्टिकाही त्याच वाटेने आली. जपानी कॅमेरा हे ज्याच्या आवाक्यातलं स्वप्न नव्हतं, त्या तालुक्याच्या फोटोग्राफरच्या हाती झाइसची काच पडली. छायाचित्रणाच्या आपल्याकडच्या इतिहासात ही गोष्ट फारशी कुणी नोंदवत नाही. मला ती महत्त्वाची वाटते, कारण 1970 आणि 80च्या दशकांतली आमच्याकडची लग्नं, आमच्याकडची म्हातारी माणसं ज्या स्पष्टपणे आज दिसतात, त्यात या व्यापाराचा वाटा आहे.

या लेन्सच्या रचनेत एक अडचण सोडवलेली आहे, तीही सांगायला हवी. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो आणि तो वर उचलला जायला जागा लागते. प्रॅक्टिकाच्या 42 मिलिमीटर आट्याच्या माउंटमध्ये लेन्स बसण्याची जागा फिल्मपासून 45.46 मिलिमीटरवर आहे. साध्या रचनेची 35 मिलिमीटरची लेन्स फिल्मच्या याहून जवळ यायला बघते आणि आरशाच्या आड येते. उपाय असा, की पुढे प्रकाश पसरवणारी अंतर्गोल काच बसवायची आणि मागे तो गोळा करणारा संच. मग फोकल लांबी कमी राहते आणि मागे जागा मोठी मिळते. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यूने 1950 मध्ये एसएलआरसाठी अशी लेन्स बाजारात आणली, आणि पाठोपाठ येनाने पहिली 35 मिलिमीटरची फ्लेक्टोगॉन. माझी लेन्स त्यांच्या पुढच्या पिढीतली, 1970च्या दशकातली. तिचा खरा गुण तिच्या जवळच्या फोकसमध्ये आहे. फिल्मपासून 19 सेंटीमीटरवरची वस्तू ती स्पष्ट घेते. धानाची लोंब जवळपास लेन्सला टेकलेली असावी आणि मागे अख्खी बांधी, धुऱ्यावरची माणसं, पलीकडची टेकडी दिसावी, असा फोटो या लेन्सने निघतो.

आता तिचं दुखणं. ते आमच्या हवेचं दुखणं आहे. मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या बातमीत शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव हमखास येतं. पारा 46-47 अंशांवर जातो. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्यात धरून ठेवलेलं तेल. अशा उन्हात कपाटातल्या लेन्समधलं तेल त्या घट्ट द्रव्यातून सुटतं, नळीच्या आतून ओघळतं आणि पात्यांवर येतं. मागे उरलेला साका वाळतो, म्हणून फोकस जड होतो. एकाच कारणाने एक भाग चिकट आणि दुसरा घट्ट. पात्यांवरच्या तेलाचा परिणाम लगेच फोटोत दिसतो. बटण दाबताना कॅमेरा लेन्सच्या मागची बारीक पिन आत ढकलतो आणि पाती क्षणात मिटायला हवीत. तेलाने एकमेकींना धरलेली पाती मिटेपर्यंत शटर उघडून बंद झालेलं असतं. जास्त प्रकाश शिरतो आणि निगेटिव्ह काळं, दाट येतं.

मग जून लागतो. धानपट्ट्यातला पावसाळा म्हणजे चारी बाजूंना उभं पाणी. मामा (माजी मालगुजारी) तलाव भरलेले, बोड्या म्हणजे छोटी तळी भरलेली, घराच्या भिंती ओल धरलेल्या. बुरशीला काचेवरची धूळ आणि बोटांचा पुसट ठसाही खायला पुरतो. ती वाढताना आम्ल सोडते आणि ते काचेवरच्या लेपावर चरे पाडतं. कातड्याच्या बंद केसमध्ये ठेवलेली लेन्स सर्वांत आधी जाते, कारण कातडं ओल धरून ठेवतं. आमच्याकडच्या कितीतरी चांगल्या लेन्सेस जपून ठेवल्यामुळेच गेल्या.

मी ही कामं हिवाळ्यात करतो. हवा कोरडी असते, हाताला घाम नसतो. टेबलावर पांढरी चादर पसरायची, तिच्या कडा उचलून धरता येतील अशी. अपर्चरच्या कड्याखाली मोहरीहून लहान पोलादी गोळी असते, तिच्यामुळे प्रत्येक आकड्यावर टिक् असा खटका बसतो. कडं उचललं की ती उडते. फरशीवर गेली तर संपलंच. पुढचं नाव कोरलेलं कडं रबराचा गोल तुकडा दाबून फिरवलं की सुटतं. त्याला पाना लावायचा नाही. आतल्या खाचांच्या कड्यांना दोन टोकांचा पाना लागतो, आणि ती टोकं काचेवर घसरू नयेत म्हणून काचेवर कागदाची चकती कापून ठेवायची. प्रत्येक भाग काढला की मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि भाग काढल्या क्रमाने ओळीत मांडायचे.

खरी कसोटी हेलिकॉइडची. फोकस करताना ज्या आट्यांवर लेन्स मागेपुढे होते, ते हे. बरणीच्या झाकणाला असतात तसे याचेही अनेक आटे एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे झाकण जसं तीन-चार ठिकाणी बसू शकतं तशी ही नळीही अनेक ठिकाणी बसते. पण लेन्समध्ये बरोबर जागा एकच. चुकीच्या आट्यावर बसली तर सगळं गुळगुळीत फिरतं आणि दूरचं कधीच स्पष्ट होत नाही. म्हणून नळी फिरवत फिरवत सुटण्याच्या क्षणी थांबायचं आणि दोन्ही भागांवर टोकदार सुईने समोरासमोर खूण करायची. या लेन्सच्या आट्यांतून निघालेलं ग्रीस पिवळं, मेणासारखं कोरडं होतं. लायटरमध्ये घालतात ते इंधन आणि दात घासायचा जुना ब्रश, यांनी ते उतरवलं. नवीन ग्रीस उन्हात तेल न सोडणारं हवं, आणि अगदी थोडं. आट्यांवर नुसती ओलसर चमक दिसावी इतकंच. वंगण जास्त घातलं की लेन्स पहिल्या दिवशी लोण्यासारखी फिरते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा पात्यांवर तेल येतं.

पाती एकेक उचलून त्याच इंधनाने पुसली, दोन्ही बाजूंनी, कागदाला डाग लागायचा थांबेपर्यंत. पात्यांना वंगण कधीच लावत नाहीत. ती कोरडीच चालावीत अशी घडवलेली असतात. सहावं पातं पहिल्याच्या खाली सरकवून सगळी बसवली, पिन दाबली आणि ती ताडकन मिटली. या कामात तेवढा एक आवाज फार आनंद देतो.

बुरशीसाठी आधी अल्कोहोल, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सारख्या प्रमाणात, मऊ कागदावर घेऊन, मिनिटभर आणि लगेच पुसून. तंतू निघून गेले. त्यांनी लेपावर सोडलेले माग राहिले, काचेच्या कडेजवळ, तिरप्या उजेडातच दिसणारे. अनेकजण इथे थांबत नाहीत. पॉलिशची पेस्ट घेऊन डाग घालवायला बसतात आणि डागाबरोबर लेप आणि काचेचा नेमका वक्रही घालवतात. माझं मत पक्कं आहे की दुरुस्ती करणाऱ्याने इथे हात आवरावा. त्या मागांमुळे समोरून दिवा आला तर चित्र किंचित फिकट पडतं. लेन्सवर हूड लावलं की तेही बरंच आटोक्यात येतं.

जोडणी झाल्यावर इन्फिनिटी तपासायची. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून फिल्म जिथे बसते त्या पट्ट्यांवर धुरकट काच चिकटवली, शटर केबलने उघडं धरलं आणि घोडाझरी तलावाच्या पाळीवर कॅमेरा तिपाईवर ठेवला. पलीकडची टेकडी काचेवर उलटी उमटते. भिंग डोळ्याला लावून झाडांचे शेंडे पाहायचे. कडं ∞ खुणेवर टेकलेलं असताना शेंडे धारदार दिसले पाहिजेत. थोडा फरक होता. फोकसचं कडं आतल्या नळीला धरणारे बारीक स्क्रू सैल करून केसभर सरकवलं, पुन्हा आवळलं आणि शेंडे जागेवर आले. ब्रिटिशकाळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव आता अभयारण्यात आहे. लेन्स तपासायला आमच्या भागात इतकी मोकळी नजर दुसरीकडे मिळत नाही.

आपल्याकडे यंत्र उघडून बघण्याची परंपरा जुनी आहे. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने तो पुरा केला, आणि त्यांच्या कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आला. लेथ, कानस आणि दुसऱ्याचं यंत्र निरखून पाहणारा डोळा, एवढ्यावर ते उभं राहिलं. पूर्णपणे धातू आणि काच यांची असलेली लेन्स आजही अशा हातांनी दुरुस्त होते. आजच्या लेन्सेसच्या आत सर्किट आणि मोटर आहे. ते गेलं की सुट्या भागासाठी कंपनीवर अवलंबून राहावं लागतं, आणि कंपनीने भाग बंद केला की लेन्स संपली. ज्यांना हे जुनं काम येतं, असे कारागीर नागपूर-मुंबईत अजून आहेत, पण बहुतेक साठीपुढचे. त्यांच्या शेजारी बसून कुणीतरी ते शिकायला हवं, आणि लवकर.

रोल धुण्याचं कामही इथल्या हवेशी जुळवून घ्यावं लागतं. कोडॅकचं डी-76 हे 1927 पासून चालत आलेलं रसायन 20 अंशांना वापरावं असं धरलेलं आहे. आमच्या टाकीतलं पाणी एप्रिलमध्ये तिशीच्या पुढे असतं. तरी उन्हाळ्यात काढलेले रोल मी राखून ठेवत नाही, फक्त धुतो ते माठातल्या पाण्यात बर्फ घालून, थर्मामीटर लावून.

रोवणीत ही लेन्स घेऊन उतरलो तेव्हा तिचा उपयोग खऱ्या अर्थाने कळला. एफ 8 ठेवून फोकस पाच मीटरवर लावला की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा डोळ्याला लावून खटपट करावी लागत नाही, बोलता बोलता फोटो निघतो. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडणारी बाई विचारते, “काहून जी, आमचाच काढता का फोटू?” आणि तिला उत्तर द्यावंच लागतं, कारण ती दोन हातांवर असते. लांब लेन्सवाल्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही. हे उत्तर देणं मला फोटोइतकंच मोलाचं वाटतं. कोण आहात, कशाला काढता, कुठे छापणार, हे विचारण्याचा तिला हक्क आहे, आणि रुंद लेन्स तो हक्क तिच्या हाती ठेवते.

याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 साली आपल्या धानात काही लोंबी वेगळ्या दिसल्या म्हणून बाजूला काढल्या. त्या बियाण्यापासून पुढे जो वाण झाला तो त्या काळच्या लाडक्या घड्याळावरून एचएमटी म्हणून देशभर गेला. 2018 मध्ये दादाजी गेले. त्यांचे म्हातारपणीचे फोटो पुष्कळ आहेत, सत्कारांचे, हारतुऱ्यांचे. बांधीत वाकून लोंब बघणाऱ्या तरुण दादाजींचा फोटो असता तर तो 35 मिलिमीटरने आणि हाताच्या अंतरावरून काढलेला असता.

स्टुडिओतल्या डब्यात तसं एक निगेटिव्ह सापडलं. नागपूर-नागभीड नॅरोगेजचा डबा. ही गाडी 1908 पासून उमरेड, भिवापूर करत नागभीडला येई. 2019च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी ती बंद झाली. चित्रात समोरासमोरच्या बाकांवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत. जवळच्या बाकावर एकजण तळहातावर तंबाखू मळतोय, त्याची बोटं ओळखू येतात. खिडकीशी लहान मूल उलटं बसलं आहे आणि मूल जिकडे बघतंय त्या बाहेरच्या कापलेल्या धानाच्या बांध्याही दिसतात. डब्याची रुंदी इतकी कमी की फोटो काढणाऱ्याचं डोकं मागच्या पत्र्याला टेकलं असणार. काकाजींना विचारलं तर म्हणाले, लग्न लावून परतत होतो, रोल संपवायचा होता. नॅरोगेजचे बाहेरून, वळणावरून, पुलावरून काढलेले फोटो पुष्कळ आहेत. डब्याच्या आतलं इतकं स्पष्ट दुसरं मी पाहिलेलं नाही. पत्र्याच्या डब्यातली बाकीची निगेटिव्ह मी धुवून, पुसून, कागदी पाकिटात भरतो आहे. गावाचं नाव आणि साल काकाजी आठवतील तसं लिहून घेतो.

लेन्स आता कातडी केसमध्ये जात नाही. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवून, काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहील असा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, तांदळाची भुकटी आत शिरते. महिन्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून उजेडात फिरवावी आणि वापरावी.

मंडईच्या दिवसांत ती नाटकाच्या मांडवात असेल. झाडीपट्टीच्या मंचावरचे दिवे थेट समोरून येतात, आणि बुरशीने सोडलेले ते माग तिथेच त्रास देतील, म्हणून हूडला काळं मखमली अस्तर लावून घेतलं आहे. मंचाच्या कडेला, पेटीवाल्याच्या खांद्याशी बसायची परवानगी वडसाच्या एका नाटकमंडळीने दिली आहे. ब्रह्मपुरीच्या एका मित्राने दरम्यान त्याच्या वडिलांची 28 मिलिमीटरची निकॉर आणून दिली आहे. तिची पाती कोरडी आहेत, फोकसही हलका आहे, पण मागच्या काचेवर तंतू फुटायला लागले आहेत, आणि ते काम थंडी संपायच्या आत हातावेगळं करायचं आहे.